मृत्युपत्र घरात बोलून करावे



लोकमान्य टिळक १९०५ साली नारायण पेठेतल्या गायकवाड वाड्यात, म्हणजे आजच्या केसरीवाड्यात, राहायला गेले तेव्हा एक दावा त्यांच्यामागे होताच. सरदार बाबामहाराजांनी ७ ऑगस्ट १८९७ रोजी, अगदी मरणाच्या दिवशी, मृत्युपत्र करून टिळकांना विश्वस्त नेमले होते. पुढे दत्तकावरून विधवा ताईमहाराज विरुद्ध गेल्या. प्रिव्ही कौन्सिलचा निकाल लागला १९१५ साली! टिळकांची ही गत, मग आपले काय?

आमच्या मते कागद धडधाकट असतानाच करावा. शेअरला नॉमिनी लावला की झाले, असे पुष्कळजण धरून चालतात. तसे नाही. शेअर नॉमिनीच्या नावे चढतो, हक्क वारसांचाच राहतो. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही. गळीत संपले की एका संध्याकाळी सगळ्यांना बसवा, लेकींनाही. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा वाटा मुलाइतकाच झाला आहे.