बंद गिरणीच्या जागेवर वस्ती उभी करायची? आधी माती तपासा!

नायगावहून नांदेडला बाजारहाट, दवाखाना, कॉलेजसाठी आपलं जाणं-येणं रोजचंच. आपल्या घरातल्या बुजुर्गांना विचारा, 'उस्मानशाही मिल' म्हणजे काय? ते लगेच सांगतील. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावानं उभी राहिलेली ही कापड गिरणी. १९७४ साली केंद्र सरकारनं आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला आणि ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडं, म्हणजे एनटीसीकडं गेली. पुढं यंत्रं जुनी झाली, तोटा वाढला, गिरणी बंद पडली. भोंगा थांबला. जमीन मात्र तिथंच राहिली.

अशी जागा जवळपास प्रत्येक गावात असते. कुठं बंद जिनिंग-प्रेसिंग, कुठं जुना पेट्रोल पंप, कुठं कातडी कमावण्याचे हौद, कुठं खत-कीटकनाशकांचं पडकं गोदाम, तर कुठं गावाचा जुना उकिरडा. इंग्रजीत अशा पडीक आणि दूषित जागेला 'ब्राऊनफील्ड' म्हणतात. गावाच्या मधोमध मोकळी जागा दिसली की लोक म्हणतात, इथं घरकुलं बांधा, शाळा काढा, बगिचा करा. मागणी रास्तच आहे. पण त्याआधी तीन प्रश्न विचारावे लागतात, आणि तेही याच क्रमानं: मातीत काय आहे? ती साफ कोण करणार? आणि साफ झाल्यावर जागा कोणाला मिळणार? हा क्रम चुकला की नुकसान तिथं राहायला जाणाऱ्या गरीब कुटुंबाचं होतं.

मातीत काय असू शकतं?

कारखाना बंद झाला म्हणून त्याची घाण निघून जात नाही. जुन्या कापड गिरणीत बॉयलरची राख असते, रंगखात्याचं पाणी मुरलेलं असतं, भट्टीच्या तेलाच्या टाक्या गळलेल्या असतात, छपरावर ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतात. कातडीच्या कामात क्रोमियम वापरतात. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या जागेवर शिसं सांडतं. गोदामात कीटकनाशकं झिरपलेली असतात.

यातलं बरंचसं डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही नसतो. शिसं मातीत वर्षानुवर्षं तसंच राहतं. रांगणारं मूल त्या मातीत खेळतं, हात तोंडात घालतं, आणि शिसं पोटात जातं. त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे की शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानता येत नाही.

दुसरा रस्ता पाण्याचा. मराठवाड्याच्या काळ्या मातीखाली बेसॉल्टचा खडक आहे आणि भूजल त्याच्या भेगांमधून वाहतं. त्यामुळं घाण कुठल्या बोअरला पोहोचेल याचा अंदाज वरून बांधता येत नाही. शेजारचं बोअर चांगलं आणि दोन घरं सोडून असलेलं खराब, असंही होऊ शकतं.

घाई केली तर काय होतं?

अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात 'लव्ह कॅनाल' नावाचा एक अर्धवट खोदलेला कालवा होता. एका रसायन कंपनीनं त्यात सुमारे २० हजार टन रासायनिक कचरा पुरला, वरून माती टाकली, आणि १९५३ साली ती जागा शाळा मंडळाला फक्त १ डॉलरला विकली. जागा जवळजवळ फुकट मिळाली म्हणून तिथं शाळा झाली, आजूबाजूला घरं झाली. पुढं तळघरांत रसायनं पाझरू लागली. १९७८ साली आणीबाणी जाहीर झाली आणि शेकडो कुटुंबांना घरं सोडावी लागली. त्यातूनच १९८० साली अमेरिकेत 'सुपरफंड' कायदा आला. घाण करणाऱ्याकडून सफाईचा खर्च वसूल करायचा, हे त्याचं मुख्य सूत्र.

स्वस्त प्लॉट पाहून बयाणा देण्याआधी ही गोष्ट लक्षात ठेवावी. जागा स्वस्त का आहे, हे विचारायला पैसे लागत नाहीत.

साफ करता येते का? हो, येते

घाबरून जायचं कारण नाही. दूषित जमीन कायमची मेलेली नसते. जास्त खराब माती खणून सुरक्षित जागी नेता येते. काही ठिकाणी वरून जाड थर टाकून घाण खालीच बंद करतात. उकिरड्याचा कचरा उकरून, चाळून, माती-प्लास्टिक-धातू वेगळे करतात, त्याला बायोमायनिंग म्हणतात. कोणती पद्धत वापरायची हे जागेचं पुढं काय करायचं त्यावर ठरतं. गाड्यांच्या पार्किंगला जी सफाई चालेल, ती बालवाडीला चालणार नाही.

आपल्याच राज्यातलं उदाहरण बघा. मुंबईत धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, पूर्वी शहराचा उकिरडा होता. त्या जागी आज ३७ एकरांवर 'महाराष्ट्र निसर्ग उद्यान' आहे. प्रसिद्ध पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी १९८३ साली तिथं झाड लावलं. १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुलं झालं. ज्या ढिगाऱ्याजवळून लोक नाक दाबून जायचे, तिथं आज पक्षी आणि फुलपाखरं पाहायला शाळेच्या सहली येतात. यात घाई झाली नाही, हे विशेष. झाड लावल्यापासून दरवाजा उघडेपर्यंत ११ वर्षं गेली.

गोराईचा सुमारे २० हेक्टरांचा उकिरडाही अशाच रीतीनं शास्त्रीय पद्धतीनं बंद केला गेला. ढिगाऱ्याला उतार दिला, वर थर टाकले, आतून निघणारा मिथेन वायू नळ्यांनी गोळा केला.

काहिराचा बगिचा आणि शेजारचा मोहल्ला

इजिप्तची राजधानी काहिरा इथलं उदाहरण तर आपण सर्वांनी वाचावं असं आहे. जुन्या शहराच्या काठावर शेकडो वर्षांच्या मलब्याचे आणि कचऱ्याचे डोंगर झाले होते. आगा खान ट्रस्ट फॉर कल्चरनं ती सुमारे ३० हेक्टर जागा हातात घेतली. माती इतकी खारट होती की झाडं जगेनात, म्हणून आधी मातीवर काम करावं लागलं. खोदकाम करताना सलाहुद्दीन अय्यूबी यांच्या काळातली, १२ व्या शतकातली शहराची तटबंदी सापडली. २००५ साली तिथं 'अल-अझहर पार्क' सुरू झाला.

पण महत्त्वाचं पुढं आहे. बगिच्याला लागून 'दर्ब अल-अहमर' हा गरीब कारागिरांचा मोहल्ला आहे. नुसता सुंदर बगिचा झाला असता तर आजूबाजूचे भाव वाढले असते आणि तिथल्या लोकांवरच निघून जायची वेळ आली असती. म्हणून बगिच्यासोबतच मोहल्ल्यातली घरं दुरुस्त करणं, तरुणांना सुतारकाम आणि दगडकाम शिकवणं, छोटी कर्जं देणं, हेही काम केलं गेलं. जमीन सुधारली आणि तिच्या शेजारच्या माणसांचाही विचार झाला. मोहल्ल्याचं पुनरुज्जीवन म्हणतात ते याला.

मुंबईच्या गिरण्यांनी काय शिकवलं?

याच्या उलट गोष्ट गिरणगावाची. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद होत गेली. या गिरण्यांत कोकणातला, देशावरचा मराठी माणूस होता, तसाच मदनपुऱ्यात राहणारा मोमीन विणकरही होता. गिरण्यांची जमीन मिळून सुमारे ६०० एकर, आणि तीही मुंबईच्या काळजात.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मैदानं-बगिच्यांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियमात बदल झाला. वाटणी पूर्ण जमिनीची नाही, तर उभ्या इमारती सोडून जी मोकळी जागा असेल तिचीच, असा अर्थ लागला. लोकांचे दोन्ही वाटे आक्रसले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मार्च २००६ मध्ये न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. आज तिथं मॉल आणि काचेचे टॉवर आहेत. घरासाठी अर्ज करणारे कामगार आणि वारस दीड लाखाच्या आसपास, घर मिळालेले त्यातले थोडेच.

म्हणजे नियमातल्या एका शब्दानं शेकडो एकरांचं भवितव्य बदललं. तो बदल झाला तेव्हा सामान्य कामगाराला त्याचा अर्थ कळलाही नसेल. नांदेडची गिरणी असो की तालुक्याची जिनिंग, जमिनीवर निर्णय होतो तेव्हा कागद वाचणारं कुणीतरी आपल्यात पाहिजे.

देवनार: आत्ताचा प्रश्न

मुंबईचं देवनार डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. शेजारी गोवंडी, शिवाजीनगर. वस्ती बहुतांश मुस्लिम आणि कष्टकरी. २०२४ साली राज्य सरकारनं यातली १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासातल्या लोकांच्या घरांसाठी द्यायचं ठरवलं. २०२५ मध्ये महापालिकेनं तिथला सुमारे १८५ लाख टन कचरा हटवण्यासाठी निविदा काढली. कचरा पूर्ण उचलूनच बांधकाम होईल, असं प्रशासनाचं म्हणणं आहे. दुसरीकडं, २०१६ च्या घनकचरा नियमांत असं होतं की बंद केलेल्या भरावभूमीवर मानवी वस्तीचा विचार १५ वर्षांच्या देखरेखीनंतर, वायू आणि झिरपणारं पाणी मानकात बसत असेल आणि जमीन पक्की असेल तरच करावा. म्हणून तिथले लोक विचारतात, कचरा गेला तरी खालच्या मातीचं काय, तिची तपासणी कोण करणार, आणि अहवाल आम्हाला दाखवणार का? हा विकासाला विरोध नाही. प्रत्येक बापानं विचारावा असा हा प्रश्न आहे.

आता कायदा काय म्हणतो?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे वेगळे नियम आणले. त्यानुसार जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची माहिती दर सहा महिन्यांनी द्यायची. प्रदूषण नियंत्रण मंडळानं प्राथमिक तपासणी करायची, गरज असेल तर सविस्तर करायची. घाण करणारा कोण हे शोधायचं आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर सरकारनं भार उचलायचा. गावाच्या कचऱ्याचे उकिरडे मात्र यात येत नाहीत, त्यांना घनकचऱ्याचे नियम लागू होतात.

पैशांचा प्रश्न खरा आहे. तामिळनाडूत रानीपेटला क्रोमियम रसायनांचा कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला, पण त्याचा विषारी ढिगारा पुढं कित्येक वर्षं तसाच पडून राहिला. मालक निघून जातो आणि मोहल्ला तिथंच राहतो.

नायगावकरांनी काय करावं?

• प्लॉट घेण्याआधी जागेचा इतिहास काढा. सातबारा, फेरफार पाहाच, पण शेजारच्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा: इथं पूर्वी काय होतं, हौद कुठं होता, राख कुठं टाकत? ते कागदावर सापडत नाही.

• एनए झालं म्हणजे माती साफ आहे असं नाही. अकृषिक परवानगी म्हणजे जमिनीचा वापर बदलायला मान्यता. मातीत विष नाही, असा दाखला तो नव्हे.

• शेतीचं माती परीक्षण इथं उपयोगाचं नाही. त्यात नत्र, स्फुरद, पालाश कळतं. शिसं, क्रोमियम, तेल कळत नाही. जड धातूंची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून वेगळी करून घ्यावी लागते. बोअरचं पाणीही तपासून घ्या.

• संशय असेल तर जिल्हाधिकारी कार्यालय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात विचारा.

• विकास आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचनांची मुदत असते. ती चुकवू नका. शाळा, दवाखाना, मैदान यासाठीचं आरक्षण त्या वेळीच मागावं लागतं. आरक्षणाची जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊन आरक्षण रद्द करून घेऊ शकतो. म्हणून आरक्षण पडल्यावरही पाठपुरावा सोडू नका.

• तपासणी होईपर्यंत मुलांना त्या जागेत खेळू देऊ नका, तिथं भाजीपाला लावू नका, कचरा जाळू नका.

• वक्फची पडीक जागा असो, जमातनं शाळेसाठी घेतलेली असो, नियम तोच. नकाशा काढण्याआधी माती तपासा.

आणखी एक, थोडं आपल्या घरातलं. भंगार, बॅटरी, गॅरेज, कातडी या धंद्यांत आपली बरीच माणसं आहेत. रोजी हलालच आहे, मेहनतीची आहे. पण घराच्या अंगणात बॅटरी फोडणं, ॲसिड नालीत ओतणं, वायर जाळून तांबं काढणं यातून आपण आपल्याच मोहल्ल्यात छोटी छोटी दूषित जागा तयार करतो, आणि पहिला त्रास आपल्याच लेकरांना होतो. जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडंच जाव्यात, असा २०२२ चा नियम आहे. कामाचे कपडे आणि चपला घराबाहेर ठेवणं, हात धुऊन मगच मुलाला उचलणं, एवढं तर आजपासून करता येतं.

नगरपंचायतीत पडीक जागेवर घरकुल, संकुल किंवा बगिच्याचा विषय निघेल तेव्हा चार माणसं घेऊन जा आणि आधी एकच गोष्ट मागा: माती आणि पाण्याचा तपासणी अहवाल. तो टेबलावर आला की मग घरं किती आणि कोणाला, यावर बोलता येईल.