लग्नाच्या शूटिंगसाठी कॅमेरा घेताय? पैसे भरण्याआधी या ५ गोष्टी तपासा

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि गावोगावची पोरं शूटिंगच्या धंद्यात उतरतात. कोणी कर्ज काढून, तर कोणी हप्त्यावर कॅमेरा घेतो. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती मेगापिक्सेल?’ पण हा आकडा मुख्यतः फोटोसाठी. ४के व्हिडिओची एक फ्रेम जेमतेम ८ मेगापिक्सेलची असते. व्हिडिओवाल्याने विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: ऐन अक्षता पडताना कॅमेरा अडणार नाही ना? नवरदेवाला मंगळसूत्र पुन्हा घालायला सांगता येत नाही.

१) सलग किती वेळ चालतो?
बरेच जुने डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंद झाली की रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात. काही कॅमेरे ४के चालू असताना तापून बंद पडतात. लग्नविधी किंवा दोन तासांचं कीर्तन घ्यायचं असेल, तर हे चालणार नाही. सेकंडहँड घेताना तासभर सलग रेकॉर्डिंग करून बघा, मगच व्यवहार करा.

२) कार्डाच्या जागा किती?
दोन कार्डं बसणारा कॅमेरा घेतला, तर एकच व्हिडिओ दोन्हीकडे सेव्ह करता येतो का, तेही विचारून घ्या. एक कार्ड बिघडलं तरी लग्न हातचं जात नाही. १०० एमबीपीएसवर ४के शूट केलं तर तासाला साधारण ४५ जीबी जागा लागते, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दीड तासाच्या आतच भरतं. कार्डावर ‘व्ही ३०’ ही खूण बघा. सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची ती हमी असते.

३) लेन्स कोणती?
हळद आणि वरात रात्रीची, मांडवात उजेड कमी. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स झूम केल्यावर बहुतेक वेळा एफ ५.६ वर जाते. ५० एमएमची एफ १.८ लेन्स त्याच्या नऊ पटींहून जास्त उजेड आत घेते आणि ती त्यामानाने स्वस्तही असते. महागडी बॉडी आणि किट लेन्स घेण्यापेक्षा मध्यम बॉडी आणि चांगली लेन्स केव्हाही बरी.
मांडवातले एलईडी व्हिडिओत लुकलुकतात, त्यावरही उपाय आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून २५ फ्रेमवर शूट करा आणि शटर १/५० ठेवा. बहुतेक वेळा लुकलुक थांबते.

४) आवाज कशात घेणार?
चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, पण मंगलाष्टकं ऐकू आली नाहीत तर बोलणी खावी लागतात. कॅमेऱ्यात माईकची पिन आणि हेडफोनची पिन, दोन्ही आहेत का बघा. एक वायरलेस माईक घ्या. साउंडवाल्याशी आधीच बोलून मिक्सरमधून वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेतला, तर उत्तमच.

५) बॅटरी आणि ट्रायपॉड
गावात वीज कधी जाईल सांगता येत नाही. किमान तीन बॅटऱ्या जवळ असू द्या. पॉवर बँकेवर कॅमेरा चालतो का, हेही विचारा. गिंबल नंतर घेतला तरी चालेल, पण दणकट ट्रायपॉड पहिल्या दिवसापासून हवा.

ड्रोनची घाई नको. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची नोंदणी करावी लागते, आणि पैसे घेऊन तो उडवायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्रही लागतं.

हातात पैसे कमी असतील तर पहिली चार-पाच लग्नं भाड्याच्या कॅमेऱ्यावर करा. आपल्याला काय लागतं आणि कुठे अडतं, हे तेव्हाच कळतं. एक गोष्ट मात्र पहिल्या लग्नापासून पाळा. घरी आल्यावर फुटेज दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.