मोटारसायकलचा ऑईल फिल्टर : आधी इंजिन ओळखा, मग दुकानात जा



या पानावर आमच्या विभागाने बेणे, लागण, खोडवा आणि खते यांविषयी लिहावे, अशी रीत आहे. पण आज शेतकऱ्याचे निम्मे काम मोटारसायकलवर चालते. गट ऑफिसला तोडणीची चौकशी करायची, रात्री लाईट आली की पाणी धरायला जायचे, घरात कोणी आजारी पडले तर दवाखाना गाठायचा, सगळे तिच्यावरच. ऐन हंगामात तिचे इंजिन जाम झाले की कामाचा खोळंबा होतो आणि वर खर्चाचा भुर्दंड बसतो. म्हणून आज ऑईल फिल्टरविषयी चार गोष्टी.

चिकूच्या बागा पाहायला आपले काही सभासद पालघर जिल्ह्यात डहाणू-घोलवडकडे जातात. तिथल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बागा पाहाव्यातच, पण तिथल्या मोटारसायकलीही पाहाव्यात. चार महिने धो धो पाऊस, पाड्यांकडे जाताना ओढे आणि फरशीपूल. पावसाळा सरला की कच्च्या रस्त्याची लाल धूळ. तलासरी तर मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच. तिथली कितीतरी माणसे गुजरातेत उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत कामाला जातात. गाडी बंद पडली की त्या दिवसाची हजेरी बुडाली. पाणी, धूळ आणि लांबची धाव, हे तिन्ही तिथल्या इंजिनाच्या वाट्याला येते. तिथे जी काळजी लागते, तीच आपल्याकडे घेतली तर इंजिन नक्की जास्त टिकेल.

मोटारसायकलमध्ये बहुधा एकच ऑईल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना पुरते. त्यामुळे काजळी, धातूची बारीक कीस आणि क्लच प्लेटची झीज हे सारे त्याच ऑईलमध्ये उतरते. कारखान्यात उसाच्या रसातली मळी काढावी लागते, तशीच ही घाणही सतत काढावी लागते. मात्र ती काढण्याची तऱ्हा प्रत्येक इंजिनात सारखी नसते. म्हणून "कोणत्या कंपनीचा फिल्टर चांगला?" हे विचारण्याआधी "माझ्या गाडीत कोणता फिल्टर आहे?" हे विचारावे.

(१) राजदूत, येझदी या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळून जळते. तिथे इंजिन ऑईलचा फिल्टरच नसतो.

(२) हिरो होंडाची १९८५ ची सीडी १०० आणि १९९४ ची स्प्लेंडर यांच्या इंजिनात कागदी फिल्टर नसतो. एक जाळी असते आणि इंजिनाबरोबर गरगर फिरणारी एक वाटी असते. आपल्या कारखान्यात सेंट्रिफ्यूगल मशीन फिरवून साखर आणि मळी वेगळी करतात, तसाच हा प्रकार. फिरण्याच्या जोराने जड घाण वाटीच्या कडेला चिकटून बसते. या दोन्ही वस्तू बदलायच्या नसून साफ करायच्या असतात. वाटीसाठी क्लचकडचे कव्हर उघडावे लागते, म्हणून पुष्कळदा ते काम राहूनच जाते. अशा गाडीला फिल्टर मागितला की दुकानदार एअर फिल्टर हातात देतो. तो हवेचा, ऑईलचा नव्हे.

(३) आताची पल्सर, बुलेट अशा गाड्यांत बदलायचा फिल्टर असतो. तो निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

गाडीच्या पुस्तकातला पार्ट नंबर, गाडीचे मॉडेल आणि साल सांगूनच फिल्टर घ्यावा. जुना फिल्टर बरोबर न्यावा. उंची, भोक आणि रबर तंतोतंत जुळले पाहिजे. थोडा आखूड फिल्टर बसतो खरा, पण बाजूच्या फटीतून ऑईल न गाळताच पुढे जाते. कागदाच्या घड्या सारख्या असाव्यात, टोके पक्की चिकटलेली असावीत. "जास्त बारीक गाळणारा" म्हणून भलताच फिल्टर घेऊ नये. तो लवकर तुंबला तर ऑईल अडते. जिथे बगल व्हॉल्व असतो तिथे तो उघडतो आणि घाणेरडे ऑईलच फिरू लागते. गाडी चालत राहते, म्हणून मालकाला पत्ता लागत नाही.

फिल्टर धुऊन किंवा हवा मारून पुन्हा बसवू नये. ओ-रिंग नवी घालावी, फिल्टरची दिशा पाहूनच बसवावा आणि झाकणाचे बोल्ट बेताने आवळावेत. फिल्टर बहुतेक वेळा लिटरभर ऑईलपेक्षा स्वस्त असतो. त्यात काटकसर करून इंजिन उतरवण्याची वेळ आणू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. फिल्टर घाण अडवतो, पाणी अडवत नाही, आणि कमी झालेले ऑईलही भरून काढत नाही. ओढ्यात गाडी बुडाली तर किक मारू नये, आधी ऑईल पाहावे. ते दुधाळ, ताकासारखे दिसले तर सगळे काढून नवे भरावे. नुसता नवा फिल्टर टाकून भागत नाही. ऑईलच्या डब्यावर "जासो एमए" किंवा "एमए २" असा शिक्का असावा. चारचाकीच्या काही ऑईलने क्लच घसरतो. दर आठवड्याला गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावून पुस्तकात दिल्याप्रमाणे पातळी पाहावी. धूळ-पाण्यातल्या गाडीचे ऑईल ठरलेल्या किलोमीटरच्या थोडे आधीच बदलावे.

पाचटात ठिणगी पडू नये म्हणून आपण जपतो, तसेच इंजिनालाही जपावे. गळीत सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने गाडीचे पुस्तक एकदा उघडून आपला फिल्टर कोणता आहे ते पाहावे आणि शेवटचे ऑईल केव्हा बदलले त्याची तारीख व किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत. पुस्तक हरवले असेल तर कंपनीच्या एजन्सीत विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत!

— ऊसविकास अधिकारी