वेगापेक्षा तोल मोलाचा!

स्कॉटलंडमधील किनलॉकलेव्हन या डोंगराळ गावी 'प्री-६५' या नावाची मोटारसायकल स्पर्धा भरते. तिच्यात १९६५ पूर्वीच्या धर्तीच्याच गाड्या उतरतात. निसरडे दगड, ओढे आणि उभे चढ पार करताना वेगाला येथे महत्त्व नसते. पाय जमिनीला टेकला, की दंडाचा गुण चढतो; सर्वांत कमी दंड असलेला स्वार जिंकतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या आकर्षणाचे रहस्य याच नियमात दडलेले आहे.

एरियल, बीएसए, मॅचलेस, रॉयल एनफिल्ड यांच्या अशा गाड्यांना बहुधा एकाच सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन असे. जड फ्लायव्हीलमुळे ते अगदी संथ फिरतानाही सहसा बंद पडत नाही. जोर एकदम उसळत नाही, ठोक्याठोक्याने मिळतो आणि दोन ठोक्यांमधल्या क्षणी टायर पुन्हा जमिनीवर पकड घेतो. गाडी जड खरी. पण चालकाच्या मनगटाशी ती जणू संवाद साधते.

उत्तर आयर्लंडचे सॅमी मिलर यांनी 'जीओव्ही १३२' क्रमांकाच्या ५०० सीसी एरियलवर असंख्य विजय मिळवले. मात्र १९६४ च्या अखेरीस त्यांनी स्पेनच्या बुल्टाको कंपनीची हलकी टू-स्ट्रोक गाडी स्वीकारली आणि १९६५ मध्ये तिच्यावर 'स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल' जिंकली. त्याच वर्षी जेफ स्मिथ बीएसएवर सलग दुसऱ्यांदा ५०० सीसी मोटोक्रॉसचे जगज्जेते झाले. या गटातले ब्रिटिश गाडीचे ते अखेरचे विजेतेपद ठरले. 'प्री-६५' ही सीमारेषा नेमकी या वळणावर आहे.

या प्रेमात एक पेचही आहे. जिंकायचे तर गाडी हलकी हवी. म्हणून जुन्या रूपाआड नवे मिश्रधातू आणि नव्याने घडवलेले सुटे भाग येतात. मग अशा गाडीतले जुने ते काय उरले? उलट मूळ भाग जसेच्या तसे जपायचे, तर गाडी संग्रहालयात उभी राहते आणि जिच्यासाठी ती घडली, ती चिखलवाट तिला पारखी होते. शौकिनांमधला हा वाद मिटलेला नाही.

या घराण्यातील एक गाडी मराठी वाचकांच्याही ओळखीची आहे. जॉनी ब्रिटन यांनी १९५२ मध्ये 'स्कॉटिश सिक्स डेज' जिंकली, ती रॉयल एनफिल्ड बुलेटवर. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि बुलेट येथे रुजली. ती रोज रस्त्यावर धावत राहिली, म्हणून तिचे सुटे भाग मिळत राहिले आणि तिची नाडी ओळखणारे मिस्त्रीही तयार होत गेले. जुने यंत्र टिकते ते वापरात राहिल्यामुळे, हे बुलेटने येथे दाखवून दिले.