दर ठरवतो अर्थसंकल्प, शब्द तपासते समिती

नवी दिल्ली : नव्या प्राप्तिकर विधेयकात परताव्यासंबंधी एक छोटीशी अट होती. विवरणपत्र विहित मुदतीत भरले असेल, तरच करपरतावा मागता येईल, असा तिचा आशय होता. वाचताना ती निरुपद्रवी वाटे. परंतु ज्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेखाली आहे आणि तरीही ज्याच्या ठेवीवरील व्याजातून बँकेने टीडीएस कापला आहे, अशा एखाद्या निवृत्त व्यक्तीला विवरणपत्र भरण्यास उशीर झाला असता, तर कर लागू नसतानाही कापलेली रक्कम तिला गमवावी लागली असती. लोकसभेच्या प्रवर समितीने ही अट वगळण्याची शिफारस केली आणि सरकारने ती स्वीकारली. करधोरण घडवताना संसदीय समिती नेमके काय करते, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा घेणारे हे विधेयक अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १३ फेब्रुवारी २०२५ रोजी लोकसभेत मांडले. ते बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील ३१ सदस्यांच्या प्रवर समितीकडे सोपवण्यात आले. समितीत राज्यसभेचा एकही सदस्य नव्हता. करविषयक तरतुदी असलेले विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवता येत नाही, असे लोकसभेच्या नियमांतच म्हटले आहे. त्यामागे राज्यघटनेच्या अनुच्छेद १०९ आणि ११० मधील धन विधेयकाची संकल्पना आहे. अशा विधेयकावर राज्यसभा १४ दिवसांत शिफारशी करू शकते. त्या मानणे वा न मानणे लोकसभेच्या हाती असते.

समितीने २१ जुलै रोजी सादर केलेला अहवाल साडेचार हजारांहून अधिक पानांचा होता आणि त्यात २८५ शिफारशी होत्या. त्यांतील बहुतेक शिफारशींचा कराच्या दरांशी काहीही संबंध नव्हता. घराचे भाडेमूल्य ठरवण्याच्या खंडात ‘सर्वसाधारणपणे’ अशा अर्थाचा एक शब्दप्रयोग होता. त्याचा अर्थ करदाता एक लावणार आणि अधिकारी दुसरा, हे उघड होते. समितीने तो काढण्यास सांगितले. भाड्याच्या उत्पन्नावरील ३० टक्के प्रमाणित वजावट महापालिकेचा कर वजा केल्यानंतरच्या रकमेवर मोजावी, हे कायद्यात स्पष्ट लिहावे, अशीही सूचना होती. घर बांधून पूर्ण होण्यापूर्वी भरलेल्या व्याजाची वजावट भाड्याने दिलेल्या घरालाही मिळावी, असे समितीने सुचवले. धार्मिक आणि धर्मादाय अशी दोन्ही कामे करणाऱ्या विश्वस्त संस्थांना मिळणाऱ्या निनावी देणग्यांवरील सवलत नव्या मसुद्यातून निसटली होती. तीही समितीच्या नजरेस आली. ‘भाषेचे सुलभीकरण, धोरणात बदल नाही’ अशी विधेयकाची ओळख करून देण्यात आली होती; पण सोपे लिहिण्याच्या ओघात एखादा हक्क गळून पडू शकतो, ही बाब अशा बारीक वाचनाखेरीज लक्षात येत नाही.

सुधारणांची संख्या इतकी झाली, की सरकारने ८ ऑगस्टला मूळ विधेयकच मागे घेतले आणि ११ ऑगस्टला नवा एकत्रित मसुदा मांडला. त्याच दिवशी विरोधकांच्या गदारोळात, चर्चेविना, आवाजी मतदानाने लोकसभेने तो मंजूर केला. दुसऱ्या दिवशी राज्यसभेने तो परत पाठवून प्रक्रिया पूर्ण केली. ५३६ कलमांचा आणि १ एप्रिल २०२६ पासून अमलात येणारा कायदा सभागृहात काही मिनिटांत संमत झाला. त्याची खरी छाननी तत्पूर्वीच्या पाच महिन्यांत, बंद दाराआड झाली होती. ती झाली नसती, तर परताव्याची ती अट बहुधा कायद्यात जशीच्या तशी उतरली असती.

अर्थात, समितीच्या हाताला मर्यादा आहेत. प्राप्तिकर छाप्याच्या वेळी अधिकाऱ्यांना ईमेल, समाजमाध्यमांवरील खाती, क्लाऊडवरील साठा अशा ‘आभासी डिजिटल अवकाशात’ प्रवेश करण्याचा, त्यासाठी सांकेतिक शब्द ओलांडण्याचाही अधिकार देणाऱ्या तरतुदीवर बरीच टीका झाली होती. ती तरतूद अंतिम कायद्यात कायम आहे. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, आणि कित्येकदा त्या विधेयकासह विस्मरणात जातात. २०१० च्या प्रत्यक्ष कर संहितेचे असेच झाले. यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील अर्थविषयक स्थायी समितीने मार्च २०१२ मध्ये तिच्यावर सविस्तर अहवाल दिला. पुढे पंधराव्या लोकसभेबरोबर संहिताच व्यपगत झाली.

मात्र जेथे राज्यांचे हितसंबंध गुंतलेले असतात, तेथे समितीचा शब्द अधिक वजनदार ठरतो. वस्तू व सेवा करासाठीच्या घटनादुरुस्तीच्या मूळ मसुद्यात राज्यांना भरपाई ‘देता येईल’ आणि तिची मुदत ‘पाच वर्षांपर्यंत’ असू शकेल, अशी सैल भाषा होती. घटनादुरुस्तीला राज्यसभेची समान संमती लागते, त्यामुळे तेथील प्रवर समितीला महत्त्व आले. भूपेंद्र यादव यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने जुलै २०१५ मध्ये पूर्ण पाच वर्षांची भरपाई निश्चित करण्याची शिफारस केली. २०१६ मध्ये संमत झालेल्या घटनादुरुस्तीत ‘पाच वर्षांसाठी’ असेच शब्द आले आणि भरपाई देणे बंधनकारक झाले. करोनाच्या काळात महसूल आटला, तेव्हा राज्यांनी केंद्राकडे मागणी केली ती याच शब्दांच्या आधारावर.

राहिला प्रश्न दरांचा. २०२५ मध्ये १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नाला नव्या करप्रणालीत करमुक्त ठरवणारा निर्णय अर्थसंकल्पासोबतच्या वित्त विधेयकातून आला. प्रवर समितीचा त्याच्याशी संबंध नव्हता. वित्त विधेयक सहसा कोणत्याही समितीकडे जात नाही. विभागांच्या अनुदानाच्या मागण्या स्थायी समित्या तपासतात, पण त्यासाठीचा पैसा ज्या कराच्या प्रस्तावांतून उभा राहायचा, त्यांची अशी तपासणी होत नाही. प्रवर समितीने शब्दन् शब्द तपासलेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यात यापुढे दरवर्षी होणाऱ्या दुरुस्त्याही त्याच मार्गाने, म्हणजे वित्त विधेयकातून, येतील.