किनारा, गाडी आणि सामान्य माणसाचे मत

मुंबईत राहणाऱ्या किंवा मुंबईत पोटासाठी येणाऱ्या माणसाजवळ पैसा असो वा नसो, मत असतेच. गाडी उशिरा आली की तो ते बोलून दाखवितो. नवा रस्ता झाला की तो कोणासाठी झाला याविषयी बोलतो. समुद्राकाठी घटकाभर बसायला जागा उरली नाही, असेही म्हणतो. शहाणी माणसे याला कुरकूर म्हणतात आणि सोडून देतात. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात व कामगारांच्या द्वारसभांत अधिक झाले. तेथे मी एवढे शिकलो की, हजारो माणसे एकच कुरकूर वर्षानुवर्षे करीत असतील, तर तिच्या बुडाशी मोजता येण्याजोगे काही तरी असते. आज मला दोन गोष्टी समजावून सांगावयाच्या आहेत. पहिली ही की, मुंबईच्या किनाऱ्याची आखणी आणि मुंबईकराचा रोजचा प्रवास हा एकच प्रश्न आहे. दुसरी ही की, सामान्य माणसाच्या मताला त्या आखणीत शिरण्यासाठी कायद्याने एक दार ठेवले आहे आणि ते आपण फार क्वचित उघडतो.

प्रथम शहराचा आकार ध्यानात घेऊ. मुंबई दक्षिणोत्तर लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर विजेची पहिली गाडी धावली. रूळ उत्तरेकडे गेले, त्यांच्यामागून वस्ती गेली. पण कचेऱ्या, पेढ्या, न्यायालये आणि सचिवालय ही दक्षिण टोकालाच राहिली. त्यामुळे सकाळी सारे शहर एका बाजूला कलते आणि संध्याकाळी दुसऱ्या. नावेतले सगळे उतारू एकाच अंगाला बसले तर नावाडी ओरडतो. शहरात मात्र ज्या अंगाला गर्दी, त्याच अंगाला आणखी जागा करून देण्याचा उद्योग शंभराहून अधिक वर्षे चालला.

हा उद्योग म्हणजे समुद्रातला भराव. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० नंतर कापसाचा भाव चढला, मुंबईत पैसा आला आणि बॅकबे भरू पाहणाऱ्या कंपनीच्या शेअरांवर सट्टा खेळला गेला. १८६५ साली युद्ध संपताच तो डोलारा कोसळला. १९२० नंतर, गव्हर्नर लॉइड यांच्या कारकीर्दीत, सरकारने तेच काम हाती घेतले. खुर्शेद नरिमन यांनी त्यातील गैरकारभार चव्हाट्यावर आणला, त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. योजलेल्या जमिनीपैकी निम्मीही भरून झाली नाही. स्वातंत्र्यानंतर त्याच किनाऱ्याला आणखी भराव पडला, त्यावर उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि त्या जागेला नाव मिळाले नरिमन पॉइंट. भरावाच्या कारभारावर बोट ठेवणाऱ्याचे नाव भरावालाच देणे ही कृतज्ञता म्हणावी की विनोद, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता हिशेब पाहा. दक्षिण टोकाला हजार माणसांची कचेरी बांधली की हजार माणसे रोज तेथे पोहोचली पाहिजेत. जमिनीचा भाव जमीन देणाऱ्याला मिळतो. त्या जमिनीपर्यंत पोहोचण्याचा भार मात्र डब्यात उभा राहणारा उचलतो. आणि तो भाड्यापेक्षा आपल्या आयुष्यातल्या तासांनी अधिक उचलतो. रेल्वेच्या परिभाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा एक शब्दप्रयोग आहे. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी, असा त्याचा अर्थ. एवढ्या जागेत दोन माणसे पाट मांडून जेमतेम जेवायला बसतील. २०२३ या एका वर्षात उपनगरी रेल्वेमार्गांवर अडीच हजारांहून अधिक माणसे दगावली. कोणी रूळ ओलांडताना, कोणी डब्यातून पडून. तेव्हा गर्दीबद्दलचे मत हे निव्वळ गैरसोयीबद्दलचे मत आहे, असे कोणी समजू नये.

हे सर्व कोणाला दिसत नव्हते असे नाही. १९६४ साली महापालिकेने बृहन्मुंबईचा विकास आराखडा प्रसिद्ध करून लोकांकडून सूचना मागविल्या. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी उत्तर लिहिले. शहर दक्षिणोत्तर आणखी ताणू नका. खाडीपलीकडे, पूर्वेला नवे शहर वसवा आणि सरकारी कचेऱ्या तेथे न्या, असे त्यांचे म्हणणे होते. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई वसू लागली. तीन नागरिकांच्या एका सूचनेतून शहर निर्माण झाले, हे उदाहरण लहान नव्हे. परंतु सूचना अर्धीच ऐकली गेली. सचिवालय जागचे हलले नाही, नरिमन पॉइंटवर कचेऱ्या उठतच राहिल्या आणि वाशीला लोकल पोहोचली ती १९९२ साली. शहर आधी आणि गाडी बावीस वर्षांनी, हा क्रम ज्यांनी सोसला त्यांना तो निराळा सांगावयास नको.

असाच दुसरा धडा गिरणगावात मिळाला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि जमिनीचा प्रश्न पुढे आला. १९९१ च्या नियमाने ढोबळ मानाने तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ साली नियमात बदल झाला आणि हे वाटे केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू राहिले. चाळण तीच, पण भोके मोठी झाली. उच्च न्यायालयाने २००५ साली लोकांची बाजू घेतली, पण २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. परळ-प्रभादेवीला मनोरे उठले, कचेऱ्या भरल्या. स्थानकांचे जिने आणि पूल मात्र गिरण्यांच्या काळातले राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. पूल अपुरा आहे हे तेथून जाणारा प्रत्येक जण आधीपासून म्हणत होता. पुढे लष्कराला पाचारण केले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत नवा पूल खुला झाला. जे काम काही महिन्यांत होऊ शकत होते, त्याला आधी इतकी वर्षे का लागली, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे.

हे दोन धडे आता सांगण्याचे कारण पूर्व किनारा होय. हार्बर मार्गाने डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी ही स्थानके घेत जाणाऱ्याला समुद्र हाकेच्या अंतरावर असून दिसत नाही. मध्ये गोदामे, भिंती आणि फाटके आहेत. ही बंदराची जमीन. पोर्ट ट्रस्ट १८७३ साली स्थापन झाला, प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये झाला, आणि १९१४ च्या सुमारास अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, खणताना निघालेल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. गोदी कामगारांच्या टोळ्यांनी पाठीवरून वाहिलेल्या मालावर हे शहर श्रीमंत झाले. पुढे माल लोखंडी पेट्यांत बंद होऊन येऊ लागला, १९८९ साली न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले आणि काम खाडीपलीकडे गेले. या जमिनीचे काय करावे, यासाठी केंद्र सरकारने २०१४ मध्ये राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१८ च्या डिसेंबरात सुमारे ९६६ हेक्टरांचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्यावर हरकती-सूचना मागविण्यात आल्या.

मुंबईत एवढी सार्वजनिक जमीन एका जागी पुन्हा मिळणार नाही. तेथे केवळ कचेऱ्या झाल्या तर नरिमन पॉइंटची दुसरी आवृत्ती निघेल आणि तिचा भार हार्बरच्या डब्यांवर पडेल. केवळ बाग झाली तर दारूखान्यात जहाजे तोडणारा मजूर आणि गोदामाच्या आडोशाला संसार थाटलेले कुटुंब कोठे जाणार, हा प्रश्न राहतो. म्हणून किनाऱ्याच्या आराखड्यावर पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा: येथे रोज किती माणसे येणार, ती कोणत्या गाडीने येणार आणि ती गाडी इमारतींच्या आधी येणार की नंतर?

दुसरा प्रश्न मोजमापाचा. आपल्याकडे वाहने मोजतात, माणसे मोजत नाहीत. २०२४ च्या मार्चमध्ये किनारी रस्त्याचा पहिला भाग खुला झाला. सुमारे साडेदहा किलोमीटरच्या या रस्त्याला तेरा हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च आला. त्याच वर्षी १२ जानेवारीला शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा सागरी सेतू सुरू झाला आणि मोटारीला एका खेपेचा पथकर २५० रुपये ठरला. दोन्ही ठिकाणी दुचाकी आणि रिक्षांना मज्जाव आहे. ही बांधकामे म्हणून मोठी आहेत, त्यांतील अभियंत्यांच्या आणि मजुरांच्या कसबाला कोणी कमी लेखू नये. परंतु मोटारीतला एक माणूस वीस मिनिटे लवकर पोहोचला आणि बसमधले साठ जण पाच मिनिटे लवकर पोहोचले, तर पहिल्या ठिकाणी वीस मिनिटे वाचली, दुसऱ्या ठिकाणी तीनशे. हा हिशेब तिसरीतले पोरही करील. आराखड्यात तो क्वचित दिसतो. कोकणची बोट ज्या भाऊच्या धक्क्यावरून सुटे, तेथून मार्च २०२० पासून मांडव्याला मोटारी वाहणारी बोट जाते. पाण्याला खड्डे पडत नाहीत आणि भूसंपादनही लागत नाही. तरी समुद्राने वेढलेल्या या शहरात जलमार्गाचा विचार नेहमी शेवटी होतो.

सामान्य माणसाचे मत आखणीत शिरते कसे, याचे चांगले उदाहरण वरळीच्या कोळ्यांनी घालून दिले. किनारी रस्त्याच्या पुलाचे खांब त्यांच्या बंदरातून होड्या बाहेर पडण्याच्या वाटेत येत होते. दोन खांबांमधले अंतर सुमारे ६० मीटर ठरले होते. भरतीच्या, वाऱ्याच्या आणि लाटेच्या वेळी होडी त्यातून सुखरूप निघणार नाही, हे त्यांनी अनुभवाने सांगितले आणि काम अडवून धरले. अखेर ते अंतर १२० मीटर करण्यात आले. त्यांनी ‘विकास नको’ असे नुसते म्हटले असते तर कोणी ऐकले नसते. त्यांनी जागा दाखविली, आकडा मागितला आणि कारण दिले.

कुरकूर, तक्रार आणि हरकत या तीन पायऱ्यांतला फरक नेमका येथे आहे. कुरकूर बोलली की संपते. तक्रार कोणाकडे तरी जाते, पण झालेल्या गोष्टीबद्दल असते. हरकत ही होणाऱ्या गोष्टीबद्दल, मुदतीत, लेखी आणि पर्यायासह असते. आमच्या एका कारखान्यात सकाळची पाळी अर्धा तास अलीकडे आणली गेली आणि रोज निम्म्या लोकांच्या हजेरीवर तांबडी खूण पडू लागली. दारात घोषणा झाल्या, उपयोग झाला नाही. मग टोळीतल्या एकेकाने तीन आठवडे आपली गाडी किती वाजता आली ते वहीत टिपले. ती वही मागणीपत्राला जोडली, आणि पाळी वीस मिनिटे पुढे गेली. वहीने जे केले ते घोषणेने झाले नव्हते.

शहराच्या बाबतीत ही सोय १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ठरलेल्या मुदतीत हरकती व सूचना घ्याव्या लागतात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. या कायद्याने ‘कोणतीही व्यक्ती’ हरकत घेऊ शकते. मतदार असण्याची अट नाही. या दोन शब्दांचे मोल डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेलच्या माणसाने ओळखावे. तो दिवसाचे तीन-चार तास मुंबईच्या आखणीपायी घालवितो, पण मुंबईचा नगरसेवक निवडण्याचा अधिकार त्याला नाही. मत देता येत नाही तेथे हरकत देता येते. आणि ती वाया जातेच असेही नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेला मुंबईचा प्रारूप विकास आराखडा लोकांच्या हरकतींच्या माऱ्यामुळे सरकारला बाजूला ठेवावा लागला आणि २०१६ मध्ये नव्याने काढावा लागला.

अर्थात सामान्य माणसाचे प्रत्येक मत न्याय्य असते असे नाही. बाग आपल्या दारी आणि कचऱ्याचे आगार दुसऱ्याच्या दारी, असे प्रत्येकाला वाटते. समुद्रासमोर घर असलेल्याला किनाऱ्यावर गर्दी नको असते आणि कल्याणहून मुले घेऊन आलेल्याला तेथे बसायला कट्टा व प्यायला पाणी हवे असते. संघटनेतही ओझेवाला आणि गाडीवान यांची मागणी सुरुवातीला एक नसते. मालकाकडे जाण्यापूर्वी दोघांना एका चटईवर बसवावे लागते. तसेच प्रवासी संघ, कोळीवाडे, किनाऱ्यावरच्या वस्त्या आणि कामगार संघटना यांनी आधी आपसांत बसले पाहिजे. एका माणसाची हरकत फायलीत राहते. चार प्रकारच्या माणसांची एकच हरकत असली तर तिचे उत्तर द्यावे लागते.

तेव्हा पुढचा आराखडा निघेल त्या दिवशी नकाशा मागून घ्यावा, आपल्या रोजच्या वाटेवर बोट ठेवावे, तिला लागणारे तास मांडावेत, पर्याय सुचवावा, सही करावी आणि पोच घ्यावी. सुनावणीचा दिवस खाडा होऊ न देता गाठणे कठीण असते हे मला ठाऊक आहे. म्हणून दहा जणांनी वर्गणी काढून एकाला पाठवावे. किनारा एकदा बांधला की शंभर वर्षे हलत नाही. त्यापूर्वी दोन तास खर्च करणे हे रोज चार तास उभे राहण्यापेक्षा खचितच स्वस्त आहे.