थोरला आणि धाकटा : पालवणकर बंधूंची तुलना व हिंदू संघाचे नेतृत्व

एखाद्या संघात अल्पसंख्य किंवा उपेक्षित समाजातील खेळाडू नावारूपास येतो आणि काही वर्षांनी त्याच समाजातील दुसरा खेळाडू त्याच संघात पुढे येतो, तेव्हा प्रेक्षक त्या दोघांची तुलना करू लागतात. वरवर पाहता ही तुलना खेळाची असते. परंतु संघात इतरही अनेक खेळाडू असताना तुलनेसाठी नेमके हे दोघेच का निवडले जातात, असा प्रश्न केला म्हणजे तिचे स्वरूप निराळे असल्याचे ध्यानात येते. मुंबईच्या हिंदू क्रिकेट संघातील बाळू व विठ्ठल या पालवणकर बंधूंचे उदाहरण या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे.

असा प्रकार केवळ आपल्याकडेच घडतो असे नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘क्वार्टरबॅक’ या खेळाडूकडे चढाईची सूत्रे असतात. चेंडू कोणाकडे व कसा जावयाचा हे मुख्यतः तो ठरवितो. १९२९ ते १९३१ या काळात न्यूयॉर्कच्या संघात बेनी फ्रीडमन हा ज्यू खेळाडू या जागी होता. पुढे ब्रुकलिनमध्ये वाढलेला सिड लकमन हा दुसरा ज्यू खेळाडू १९३९ पासून शिकागोच्या संघातून त्याच जागी खेळू लागला आणि त्याच्या कारकीर्दीत त्या संघाने चार अजिंक्यपदे मिळविली. ज्यू समाजात या दोघांची नावे एका ओळीत घेतली जाणे स्वाभाविक होते. सूत्रे हाती घेण्यास आपला माणूस पात्र ठरतो की नाही, हा प्रश्न त्या समाजाला चेंडूफेकीच्या आकड्यांपेक्षा अधिक जिव्हाळ्याचा वाटत होता. क्रिकेटमध्ये ही सूत्रे कर्णधाराच्या हाती असतात. म्हणून पालवणकर बंधूंची तुलनाही अखेरीस कर्णधारपदापाशी येऊन थांबते.

मुंबईतील त्या काळचे प्रमुख सामने जमातवार संघांत होत असत. १९०७ साली युरोपियन, पारशी व हिंदू यांचे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ आल्यावर ते चौरंगी झाले, तर १९३७ साली ‘इतर’ या नावाने पाचवा संघ आल्यावर पंचरंगी. १९४६ नंतर ते बंद पडले. या रचनेत प्रत्येक खेळाडू आपल्या जमातीचा प्रतिनिधी मानला जाई. परंतु चर्मकार समाजातील पालवणकर बंधू ज्या हिंदू समाजाचे प्रतिनिधी म्हणून मैदानात उतरत, त्याच समाजाचा मोठा भाग त्यांना अस्पृश्य मानीत असे.

थोरले बाळू हे डावखुरे मंदगती गोलंदाज. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याची नोकरी करीत असताना साहेब फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची गोलंदाजी तयार झाली. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळण्यास घेतले. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातून फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. प्लेगच्या दिवसांत ते मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याचे प्रमुख गोलंदाज झाले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात त्यांचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघातून खेळताना त्यांनी ११४ बळी घेतले व प्रत्येक बळीसाठी सरासरी १८.८४ धावा दिल्या. इतके असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे कधीच आले नाही. १९१३ साली ते एम. डी. पै यांच्याकडे गेले, तेव्हा हा मान वस्तुतः बाळूंचा होता असे खुद्द पै यांनीच जाहीर सभेत सांगितले.

शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघे धाकटे बंधूही पुढे हिंदूंकडून खेळले. त्यांतील विठ्ठल हे उत्तम फलंदाज होते. १९२० साली बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि पै आजारी असल्यामुळे रिकामे झालेले कर्णधारपद पालवणकरांना डावलून दि. ब. देवधरांना देण्यात आले, तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी जाहीर निवेदन करून संघातून अंग काढून घेतले. वृत्तपत्रांतून व प्रेक्षकांतून चर्चा झाली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले व पै काही वेळ मैदानाबाहेर गेल्यामुळे संघ चालविण्याची संधी त्यांना तेवढ्यापुरती मिळाली. अखेर १९२३ साली कर्णधारपद विठ्ठलांकडे आले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि प्रेक्षकांनी कर्णधाराला खांद्यावर घेतले.

आता तुलनेकडे वळू. थोरला भाऊ गोलंदाज आणि धाकटा फलंदाज. एकाचे बळी आणि दुसऱ्याच्या धावा यांना समान माप लावता येत नाही. तरीही त्यांची तुलना होते, कारण एकाला कर्णधारपद मिळाले नाही व दुसऱ्याला ते मिळाले. त्या काळी हे पद सामान्यतः फलंदाजाकडे आणि सुशिक्षित, प्रतिष्ठित गृहस्थाकडे जात असे, हा मुद्दा विचारात घ्यावयास हवा. गोलंदाज असणे हे बाळूंच्या आड आले असेल, असे त्यावरून म्हणता येईल. परंतु विठ्ठल तर फलंदाज होते. मग त्यांच्या बाबतीतही बहिष्काराची व वर्तमानपत्री चर्चेची वेळ का यावी? पै यांनी दिलेला कबुलीजबाबही त्या युक्तिवादाने पुसला जात नाही. १९१३ व १९२३ या दोन सालांमध्ये जे बदलले ते पालवणकरांचे गुण नव्हेत. बदलले ते सभोवतालचे वातावरण. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनातील ठरावाने हिंदूंना अस्पृश्यतेचा कलंक धुऊन काढण्याचे आवाहन केले होते. जो विषय जिमखान्याच्या खोलीत मिटविता येत असे, तो चव्हाट्यावर आला.

यावरून असे म्हणावयास हरकत नाही की, ही तुलना दोन खेळाडूंची नसून एकाच संघाच्या दोन अवस्थांची आहे. बाळू व विठ्ठल ही जणू एकाच नदीच्या काठी वेगवेगळ्या वेळी रोवलेली दोन मापे होत. त्यांवरून खांबांची उंची नव्हे, पाण्याची पातळी वाचावयाची असते. ‘विठ्ठलांनी ते करून दाखविले, बाळूंना जमले नाही’ असे म्हणणारा प्रेक्षक म्हणूनच चुकतो. बाळूंना जे मिळाले नाही ते त्यांना जमले नाही असे मानल्याने नाकारणाऱ्यांचा दोष नाकारल्या गेलेल्याच्या माथी जातो. उलट, विठ्ठलांचा मान हा संघाच्या औदार्याचा दाखला मानला तर तो मिळविण्यासाठी भावांना संघातून बाहेर पडावे लागले ही गोष्ट विसरली जाते. विठ्ठलांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले, त्यामुळे ही हकीकत मराठी वाचकांपुढे खेळाडूच्या बाजूनेही आली.

या प्रकारच्या तुलनेला दुसरी एक बाजू आहे. खेळाडूवर एकदा समाजाचे प्रतिनिधित्व लादले म्हणजे ते मैदानापुरते राहत नाही. तरुण आंबेडकरांना बाळूंच्या कर्तृत्वाचा अभिमान होता. परंतु १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्याच बाळूंना आंबेडकरांविरुद्ध उभे केले. मतदारांनी आंबेडकरांना निवडून दिले. क्रीडांगणावरील थोरवी ही राजकीय नेतृत्वाची पात्रता नव्हे, हा भेद ज्यांच्या वतीने तुलना केली जात होती त्या मतदारांनी अचूक ओळखला.

पुढे १९५० साली आंबेडकरांनी औरंगाबाद येथे, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय स्थापन केले. १९५८ साली स्थापन झालेल्या येथील विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात १९७८ साली झाला. प्रत्यक्ष नामविस्तार १९९४ साली झाला. मधल्या सोळा वर्षांत आंबेडकरांची योग्यता वाढली वा घटली नव्हती. नाव द्यावयास तयार होण्यास समाजाला तेवढा काळ लागला. मान कोणास मिळाला एवढे पाहून न थांबता तो देणाऱ्यांना किती अवधी लागला व कोणत्या कारणाने लागला हे पाहिले, तरच थोरल्या आणि धाकट्या पालवणकरांची तुलना अर्थपूर्ण ठरते.